वजनाचा काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका

किहीमच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव अर्थातच देत नाही. त्यांची मुलगी २२ वर्षांची. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, मानेवर काळसर पट्टा दिसतो. सोनोग्राफी झाली आणि 'पीसीओडी' असे निदान झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन कमी करा व व्यायाम करा असे सांगितले. मुलगी जिद्दीची. चार महिने रोज सकाळी किनाऱ्यावर चालली. वजन ६८ किलोचे ६७ झाले, तेवढेच. आता तिने चालणे सोडून दिले आहे.

आईची काळजी आणखी वेगळी आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे मुलीच्या मावशीला, पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका आला. तिचीही पाळी तरुणपणी अशीच अनियमित होती. या विकाराचा हृदयाशी काही संबंध आहे काय, आणि वजन उतरत नसेल तर चालून उपयोग काय, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी एक ओळ लिहिली आहे: वजन नाही उतरले, पण सलवारची नाडी मात्र आता जास्त आवळावी लागते. या ओळीचे महत्त्व त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

प्रथम हा विकार काय आहे ते पाहू. १९३५ साली अमेरिकेतील शिकागो येथे स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाळी न येणे, अंगावर जादा केस आणि मोठे झालेले बीजकोष असा तो प्रकार होता. बीजकोषात बारीक बारीक फोड दिसत, म्हणून 'पॉलिसिस्टिक' हे नाव पडले. हे नाव फसवे आहे. ते फोड म्हणजे गाठी नव्हेत. दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायचे, ते अर्ध्या वाटेत अडकून राहते. अशी अडकलेली बीजे सोनोग्राफीत माळेसारखी दिसतात. 'पोरीच्या पोटात गाठी झाल्या' असे ऐकून घरातील मंडळी हवालदिल होतात, ते अनाठायी आहे. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ आणि सोनोग्राफीतील ते चित्र. पाळी सुरू होऊन आठ वर्षेही झाली नसतील तर सोनोग्राफीचे चित्र निदानासाठी धरूच नये, कारण त्या वयात निरोगी मुलींचे बीजकोषही तसे दिसू शकतात.

हा विकार किती आढळतो? मुंबईत परळ येथे स्त्रियांच्या प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिने मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर सांगितलेल्या कसोटीने २२.५ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. अधिक कडक कसोटी लावली तेव्हा १०.७ टक्के. म्हणजे सौम्य कसोटीने पाचातली एक, कडक कसोटीने दहातली एक. त्याच पाहणीतील दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विकार आढळलेल्या मुलींपैकी सुमारे ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्या. 'आमची तर काडी आहे, तिला कसला पीसीओडी' असे म्हणणाऱ्या आयांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हृदयाचा संबंध कोठे येतो?

या विकाराच्या मुळाशी बहुतेक वेळा इन्शुलिनला न जुमानणारे शरीर असते. जेवणानंतर रक्तात साखर येते. ती पेशींच्या आत जावी म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. इन्शुलिन म्हणजे पेशीच्या दाराची किल्ली समजा. कुलूप गंजलेले असेल तर एका किल्लीने भागत नाही, शरीर दहा किल्ल्या पाठवते. साखर कशीबशी आत जाते आणि रक्ततपासणीत आकडा ठीक येतो. पण रक्तात इन्शुलिनचा पूर झालेला असतो. हे जादा इन्शुलिन बीजकोषाला पुरुषी संप्रेरके बनवायला लावते. त्यातून पाळी चुकते, केस येतात, मुरुमे येतात. मानेवरचा काळा पट्टा हीही त्याचीच खूण. तो मळ नव्हे. कित्येक घरांत मुलीची मान घासून घासून लाल करतात, ते कृपया थांबवावे.

तेच जादा इन्शुलिन, तीच पोटावरची चरबी यांचा त्रास रक्तवाहिन्यांनाही होतो. रक्तदाब हळूहळू चढतो, रक्तातील चांगले कोलेस्टेरॉल घटते, ट्रायग्लिसराइड वाढते, आणि रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तर आपला लवचीकपणा गमावू लागते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात, हा विकार असलेल्या दहापैकी सुमारे नऊ स्त्रियांच्या रक्तातील चरबीत काही ना काही बिघाड सापडला. यात दुखत खुपत काहीच नाही. मुलगी पाळीसाठी डॉक्टरांकडे जाते, चेहऱ्यासाठी ब्यूटी पार्लरमध्ये जाते, लग्न झाल्यावर मूल होत नाही म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे जाते. या सगळ्या वाटेवर तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा एकदाही बांधला जात नाही, असे होऊ शकते.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची आणि वजन यांचा हिशेब केल्यावर दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. आपण भारतीय वरून बारीक आणि आतून स्थूल असतो, हे याहून सोप्या रीतीने कोणी दाखवले नसेल. म्हणून आपल्याकडच्या मुलीचे वजन काट्यावर बरे दिसले तरी तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही.

मावशीबद्दल. मावशीला झटका याच विकारामुळे आला, असे पत्रावरून म्हणता येणार नाही. मधुमेह, रक्तदाब, मिश्री-तंबाखू, घराण्यातील दोष अशी अनेक कारणे असतात. पण अनियमित पाळी आणि लवकर आलेला हृदयविकार या दोन गोष्टी एकाच घरात दिसल्या, तर आईने जोडलेला संबंध वेडगळ नाही. २०२३ साली या विकाराची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुधारली गेली. त्यांत हा विकार असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा अधिक धरावा असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच वेळी हेही खरे की विशी-तिशीच्या मुलीला झटका येणे फार विरळा. म्हणजे मुलीला आज धोका आहे असे नव्हे. पंचेचाळीस-पन्नासच्या वयात ती कशी असेल, हे आजपासून ठरू लागले आहे, एवढेच. दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो आणि बाकीच्या जगात सुमारे ५९ व्या वर्षी, असे ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते. आपल्याला सहा वर्षे कमी मिळतात.

चालून काय होते?

आता मुख्य प्रश्न. रक्तातील साखर उचलण्याचे सर्वांत मोठे काम मांड्यांचे, पाठीचे, दंडांचे स्नायू करतात. स्नायू काम करू लागला की साखरेसाठी त्याचे दुसरे एक दार आतून उघडते. त्याला इन्शुलिनची किल्ली लागत नाही. चालणे थांबल्यावरही स्नायू इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देत राहतो, आणि हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. यासाठी एक ग्रॅमही वजन उतरावे लागत नाही. इन्शुलिनचा पूर ओसरला की बीजकोषावरचा ताण ओसरतो. शिवाय जोरात वाहणाऱ्या रक्तामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर पुन्हा कामाला लागते. व्यायाम रोज किंवा एक दिवसाआड का हवा, रविवारी एकदम दोन तास का चालत नाहीत, याचे उत्तरही यातच आहे.

याला पुरावा काय? इटलीतील नेपल्स येथे २००८ साली, हा विकार असलेल्या चाळीस स्थूल स्त्रियांचे दोन गट पाहण्यात आले. एका गटाने खाणे कमी केले, दुसऱ्याने व्यायाम केला. वजन खाणे कमी करणाऱ्यांचे अधिक उतरले. पाळी येण्याचे आणि बीज सुटण्याचे प्रमाण मात्र व्यायाम करणाऱ्यांत अधिक राहिले. आपल्याकडे आंध्रातील एका निवासी महाविद्यालयात हा विकार असलेल्या ९० मुलींवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवडे रोज एक तास, निम्म्यांनी योगासने आणि निम्म्यांनी साधा व्यायाम. योगासनांच्या गटात साखर, इन्शुलिन आणि रक्तातील चरबी यांत अधिक सुधारणा झाली, आणि ही सुधारणा वजनातील बदलावर अवलंबून नव्हती.

हे प्रयोग लहान आहेत आणि त्यांत झटके मोजलेले नाहीत, फक्त रक्तातील आकडे मोजले आहेत, अशी शंका कोणी काढील. रास्त आहे. झटके मोजणारा अभ्यास हवा असेल तर अमेरिकेतील परिचारिकांचा आहे. ७२ हजारांहून अधिक परिचारिकांची आठ वर्षे नोंद ठेवून १९९९ साली निष्कर्ष निघाला, की आठवड्यातून तीन तास किंवा अधिक वेळ झपाझप चालणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के कमी होते. या सर्वसाधारण स्त्रिया होत्या, केवळ पीसीओडीच्या नव्हेत. पण हृदय सगळ्यांचे सारखेच चालते.

आणि आता ती नाडी. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार जास्त, आणि दिवसाला शेकडो पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांत कमी. लोक म्हणाले, ड्रायव्हर लठ्ठ असतील. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी मग बस कंपनीकडून गणवेशाच्या पँटींची कमरेची मापे मिळवली आणि १९५६ साली ती प्रसिद्ध केली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखर मोठ्या होत्या. पण बारीक कमरेचा कंडक्टर बारीक कमरेच्या ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित होता आणि जाड कमरेचा कंडक्टर जाड ड्रायव्हरपेक्षा. पायऱ्यांचा फायदा कमरेच्या पलीकडचा होता.

किहीमच्या मुलीला दोन्ही फायदे मिळाले आहेत. एक किलो वजन उतरले आणि नाडी सैल झाली, याचा अर्थ पोटावरची चरबी गेली आणि तिच्या जागी थोडा स्नायू आला असावा. स्नायू वजनदार असतो, काट्याला हा बदल कळत नाही. तेव्हा वजनाचा काटा कपाटावर ठेवा आणि शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर माप घ्यावे, महिन्यातून एकदा. भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. मुलीची किती आहे ते लिहिलेले नाही. आजच मोजून तारखेसह लिहून ठेवावी.

किती आणि कसा?

आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा ७५ मिनिटे जोराचा, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, असे ती मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वजनही उतरवायचे असेल तर मध्यम व्यायाम २५० मिनिटांपर्यंत न्यावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. जोराचा म्हणजे चार शब्द बोलले की दम घ्यावा लागतो. मैत्रिणीबरोबर रमतगमत, शंख-शिंपले वेचत चालणे मनाला चांगले, पण ते या हिशेबात धरू नये.

किहीमला राहणाऱ्यांना यासाठी शहरातल्यासारखी जिमची फी भरण्याची गरज नाही. ओल्या, घट्ट वाळूवर झपाझप चालणे हा मध्यम व्यायाम. वर सुरूंच्या जवळची मऊ, कोरडी वाळू मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यात पाय रुततो आणि त्याच वेगाने चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. म्हणून दहा मिनिटे घट्ट वाळूवर, मग एक-दोन मिनिटे मऊ वाळूत जोराने, पुन्हा घट्ट वाळूवर, असे आलटून पालटून चालले की अर्ध्या तासात मध्यम आणि जोराचा असे दोन्ही प्रकार साधतात. गुडघे-घोटे दुखत असतील त्यांनी मऊ वाळू टाळावी.

वेळेसाठी आपल्या कोळी बांधवांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत सकाळी सहा ते नऊच्या सुमारास पाणी दूर असते, घट्ट वाळू भरपूर मिळते. सप्तमी ते एकादशी सकाळी पाणी वर असते, तेव्हा किहीम-चोंढी रस्ता धरावा. अनेक मुली चालणे सोडतात त्यामागे कंटाळ्याइतकीच 'आज किनाऱ्यावर जागाच नव्हती' ही सबब असते. कालनिर्णय भिंतीवर आहेच. शनिवार-रविवारी पर्यटकांची आणि त्यांच्या गाड्यांची गर्दी असते, ते दोन दिवस ताकदीच्या व्यायामाला किंवा विश्रांतीला ठेवले तरी चालेल. मात्र लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये.

ताकदीच्या व्यायामाला साधने घरातच आहेत. पाच लिटरचा डबा पाण्याने भरला की पाच किलोचे वजन तयार होते. असे दोन डबे दोन हातांत घेऊन खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून दंड दहा वेळा, पायरीवर चढउतार. सुरुवातीला हलके डबे घ्यावेत. पावसाळ्यात किनारा बंद झाला की पडवी आहे आणि सूर्यनमस्कार आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. भरभर घातलेले सूर्यनमस्कार दमही वाढवतात आणि दंड-मांड्याही भरतात, म्हणून आपल्या चार महिन्यांच्या पावसाला याहून सोयीचे दुसरे काही नाही.

'घरचे काम करतेच की, वेगळा व्यायाम कशाला' असे नेहमी विचारले जाते. विहिरीचे पाणी शेंदणे, कांडण, भातलावणी यांत खरोखर दम लागत असे. आज नळ आहे, मिक्सर आहे, चोंढीला जायला स्कूटी आहे. पोळ्या लाटून आणि केर काढून थकवा येतो, दम लागत नाही. वाडीत किंवा शेतात खरे कष्ट करणाऱ्या बाईची गोष्ट निराळी, तिला मी चालायला सांगणार नाही.

खाण्याबद्दल एवढेच की उपासमार करू नये. ताटात भात कमी, वाल-मूग-मासे-भाजी अधिक. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाणे हा उपास या विकारात उलटा पडतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या व्यायाम सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नयेत. पाळीच्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, म्हणून त्या घेताना रक्तदाब मोजून घ्यावा.

तपासण्या फार नाहीत. रक्तदाब वर्षातून एकदा. रक्तातील चरबीची तपासणी निदान झाले तेव्हाच. साखरेसाठी केवळ उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी लपलेला दोष दाखवते, ती दर एक ते तीन वर्षांनी करावी. गावोगावी होणारी शासनाची रक्तदाब-मधुमेह तपासणी तिशीपुढच्या लोकांसाठी असते, २२ वर्षांची मुलगी तीत आपोआप येत नाही. आरोग्य केंद्रात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात 'मला पीसीओडी आहे, माझा रक्तदाब मोजा' असे तिलाच सांगावे लागेल. यात लाजण्यासारखे काही नाही.

चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, किंवा नेहमीच्या चालीला नवाच दम लागू लागला तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सलग तीन महिने पाळी आली नाही तरीही दाखवावे, व्यायाम चालू आहे म्हणून वाट पाहू नये. गर्भाशयाच्या अस्तराला ते बरे नसते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एक विचारायचे राहिले. मुलीची आणि मावशीची हकिकत लिहिलीत, स्वतःचा रक्तदाब आणि साखर किती ते लिहिले नाहीत. या विकाराच्या मुलींच्या जवळच्या नातेवाइकांतही मधुमेह आणि रक्तदाब अधिक आढळतो, आणि तुमची तर सख्खी बहीण. मुलगी पुन्हा किनाऱ्यावर निघेल तेव्हा तुम्हीही बरोबर जा. येत्या आठवड्यात दोघींच्या कमरेची मापे आणि तुमचा रक्तदाब कळवा, पुढचे त्यावरून सांगता येईल.